आधी काय विचारायचं

“कोण जिंकलं?” मालकांनी मागून विचारलं.

जरतरे पडद्यावरच्या तीन आडव्या पट्ट्यांकडे बघत होते. तिन्ही पट्ट्या एकाच मापाच्या कापल्यासारख्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“कुणीच नाही. मघाशी स्विच पुढे होतं. त्याआधी इफ. आत्ता तिघंही बरोबरच पोचले.”

“असं कसं? शर्यत लावली की कुणीतरी पहिलं यायलाच पाहिजे.”

“माणसांची असती तर आलं असतं. इथं ज्याला आधी पळवावं तो मागं पडतो. मशीन तोवर तापलेलं नसतं ना. क्रम फिरवला की विजेता फिरतो.”

“मग परत लावा,” मालक म्हणाले. “शांतपणे लावा. हॉस्पिटलवाल्यांपुढं काहीतरी ठेवायला पाहिजे. रिकाम्या हातानं जाऊन काय सांगू मी त्यांना?”

जरतरेंनी परत लावली. मशीनला एकच प्रश्न लाखो वेळा विचारायचा, एकदा ‘इफ’ पद्धतीनं लिहून, एकदा ‘स्विच’ पद्धतीनं, एकदा तिसऱ्याच, आणि घड्याळ लावून बसायचं. सकाळपासून हाच उद्योग चालला होता.

जरतरे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हतं. खरं आडनाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. कोड लिहिणाऱ्याचा निम्मा जन्म ‘इफ’ लिहिण्यात जातो. इफ म्हणजे जर. जर असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर. केस काळे होते तेव्हापासून हे गृहस्थ तेच करत आले होते, आणि ती सवय हळूहळू जिभेवरही उतरली होती. चहा घेणार का म्हटलं की उत्तर यायचं, “जर साखर कमी असेल तर.” नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. त्यांना त्याचा राग नव्हता. नाकासमोर चालणारा माणूस, नावाबद्दल भांडण कोण काढणार.

कंपनी म्हणजे टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. खिडकी उघडली की रबराचा वास, बंद केली की माणसांचा. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलची साइट या खोल्यांतून चालायची. त्या साइटवर आपली माहिती भरायची आणि डॉक्टरांची तारीख घ्यायची. सकाळी नोंदणी उघडली की सगळं शहर एकदम तिच्यावर पडायचं, आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरत बसायचं. लोक चक्राकडे बघत बसायचे, मग हॉस्पिटलला फोन करायचे, हॉस्पिटल मालकांना करायचं, आणि मालक जरतरेंच्या खुर्चीमागं येऊन उभे राहायचे.

खरं दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं. साइट ज्या सर्व्हरवर ठेवली होती तो म्हातारा झाला होता, आणि त्यात आणखी कुणाकुणाची बिऱ्हाडं होती. तो बदला म्हणून हॉस्पिटलला सांगायची मालकांची छाती नव्हती. अशात कुठल्याशा संमेलनात एका भल्या माणसानं त्यांना सांगितलं की इफ ही जुनी, संथ पद्धत आहे. स्विचनं लिहा, पळेल. आणि प्रश्नचिन्ह टाकून एकाच ओळीत लिहिलंत तर विचारूच नका. मालक तिथून आले ते हे खूळ डोक्यात घेऊनच. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, असं जरतरेंना वाटलं. त्यांनी ते जरा सौम्य शब्दांत बोलूनही दाखवलं.

“सर्व्हर माझ्या हातात नाही आणि तुमच्याही नाही,” मालक म्हणाले. “तुमच्या हातात काय आहे ते सांगा.”

जरतरेंच्या हातात फक्त जर आणि तर होते.

दुपारपर्यंत त्यांनी तिन्ही पद्धती उलटसुलट पळवून पाहिल्या. फरक कधी या बाजूला, कधी त्या बाजूला, आणि एवढा बारीक की पापणी लवायच्या वेळात असे हजारो फरक मावले असते. मालक येरझाऱ्या घालत होते. त्यांचा चेहरा पाहून जरतरेंना त्यांची कीव आली. हा माणूस काही वाईट नव्हता. त्याला कुणीतरी धारेवर धरलं होतं, म्हणून तो यांना धरत होता. आणि पट्ट्यांकडे बघता बघता जरतरेंना ते सुचलं.

साइट पेशंटला कुठल्या रांगेत घालायचं हे ठरवण्यासाठी भरलेल्या माहितीला ओळीनं प्रश्न विचारायची. पहिला प्रश्न, तातडी आहे का? दुसरा, लहान मूल आहे का? तिसरा, दुसऱ्या डॉक्टरांनी पाठवलंय का? आणि पार शेवटी, पूर्वी इथंच उपचार घेतलेले जुने पेशंट आहात का? ज्या प्रश्नाला ‘हो’ आलं त्या रांगेतली तारीख द्यायची, पुढचं काही विचारायचं नाही. आता गंमत अशी की येणाऱ्यांत बहुतेक सगळे जुनेच. त्यांना आपलं दार सापडेपर्यंत सगळे नकार देत यावं लागायचं. मग जुन्यांचाच प्रश्न सगळ्यात वर घेतला तर? पहिल्याच दाराशी निम्म्याहून जास्त माणसं मार्गी लागतील.

त्यांनी तो प्रश्न उचलून वर ठेवला आणि पुन्हा घड्याळ लावलं. या वेळी एक पट्टी डोळ्यांना दिसेल एवढी आखूड झाली.

“हे बघा,” जरतरे म्हणाले, आणि आपला आवाज चढलेला त्यांना स्वतःलाच ऐकू आला. “जर क्रम बदलला तर फरक पडतोय. इफ काय अन् स्विच काय, त्यात काही नाही. आधी काय विचारायचं, त्यात आहे.”

मालकांनी पट्टीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं, आणि खाली टायरवाल्याकडच्या टपरीवरून सगळ्यांना चहा मागवला. साखर कमी, असं आवर्जून सांगितलं.

चालू करायच्या आधी जरतरेंनी तपासणी केली. त्यांनी खोटे पेशंट तयार केले. नवा आणि तातडीचा, नवा आणि साधा, लहान मूल, चिठ्ठी घेऊन आलेला, जुना. सगळ्यांना योग्य तारखा मिळाल्या. जुना आणि तातडीचा असा एक पेशंट तयार करायचं मात्र त्यांना सुचलं नाही. तातडी म्हटली की त्यांच्या डोळ्यांपुढं कालपर्यंत धडधाकट असलेला, आज अचानक उचलून आणलेला माणूस यायचा. जुना पेशंट म्हणजे गोळ्या बदलून घ्यायला येणारा. वर्षांपूर्वी ज्यानं तातडीचा प्रश्न सगळ्यात वर ठेवला होता, त्यानं काहीतरी विचार करूनच ठेवला असेल, हेही त्यांच्या मनात आलं नाही. खरं तर तो माणूस तेच होते.

ताईकडे ते काही आठवड्यांनी गेले. सुटीचा दिवस होता. ताई खिडकीजवळ मशीनवर कुणाच्या तरी पॅंटची चेन बदलत होती. गल्लीतले लोक तिच्याकडे कपडे आखूड करायला, उसवलेलं शिवायला आणून टाकायचे. आई गेली तेव्हा जरतरे शाळेत होते. ताईनं शाळा सोडली, हे मशीन धरलं, आणि धाकट्याला कॉलेजपर्यंत नेऊन पोचवलं. ती हे कधी बोलून दाखवायची नाही, आणि जरतरे कधी विसरायचे नाहीत.

“ये धाकट्या,” ती मान वर न करता म्हणाली. “तो कपड्यांचा ढीग उचल अन् बस.”

भावजी दारातच स्टुलावर बसून एक गंजलेलं कुलूप तेलात बुडवत होते. कुलपं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. घरातलं बोलणं त्यांनी बायकोवर सोपवलेलं होतं.

ताईच्या छातीतली गाठ पूर्वी याच हॉस्पिटलात काढली होती. त्यानंतर सगळं सुरळीत होतं. आता काखेपाशी पुन्हा काहीतरी लागायला लागलं होतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि चिठ्ठी लिहून दिली, लगेच दाखवा म्हणून.

“तारीख मिळाली ना?” जरतरेंनी विचारलं.

“मिळाली की. तुझ्याच त्या साइटवरून. ह्यांनी एका बोटानं सगळं भरलं. मी म्हटलं, माहिती भरताय का कुलूप उघडताय?”

“कधीची आहे?”

“पार पुढच्याच्या पुढच्या महिन्यातली.”

जरतरे दाराकडे वळले. “भावजी, तातडीची खूण केली होतीत ना?”

“केली,” भावजी म्हणाले. “चिठ्ठीचा फोटोपण लावला. दोनदा बघितलं मी.”

“मग बरोबर असेल. तातडीच्यांचीच रांग लांब असणार. तुझ्यापेक्षा जास्त नड असलेले असतील, ताई.”

“असतील की. दुनियेत काय आजाऱ्यांना तोटा आहे?” ताईनं चेन खालीवर ओढून बघितली. “तू काही करू नकोस हं. उगाच तुझ्या नोकरीवर यायचं. मी आपलं विचारलं, बरोबर आहे ना, एवढंच.”

“बरोबर आहे. मशीन माणूस बघत नाही. सगळ्यांना एकच नियम.”

“तू केलंयस म्हणजे बरोबरच असणार,” ती म्हणाली, आणि दातांनी दोरा तोडला.

निघताना भावजी गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. हे त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं. तिथं पोचल्यावर तेलकट हात पुसत म्हणाले, “तुला आतलं दिसतं ना रे? एकदा हिचं नुसतं बघशील? बदलू नकोस. नुसतं बघ.”

जरतरेंना दिसत होतं. किल्ल्या त्यांच्याकडेच होत्या. पण त्यांनी एक पथ्य कायम पाळलं होतं, कुणाही ओळखीच्याचं नाव उघडायचं नाही. या पथ्यापायी बायकोचा सख्खा भाऊ त्यांच्याशी बोलेनासा झाला होता, शेजाऱ्यानं येणंजाणं तोडलं होतं. रांग म्हणजे रांग. आयुष्यात अभिमान धरावा असं फारसं काही त्यांच्या हातून घडलं नव्हतं. जे होतं ते एवढंच होतं.

“भावजी, आज बघितलं तर उद्या हात लावावासा वाटेल,” ते म्हणाले.

“तेही खरं,” भावजी म्हणाले, आणि परत फिरले.

त्यानंतर महिनाभरानं मालक त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेले. मोठ्या टेबलाभोवती माणसं बसली होती. मालकांनी पट्ट्यांचं चित्र भिंतीवर लावलं. आखूड पट्टी हिरव्या रंगात रंगवली होती. कुणाला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण हिरवं दिसल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. साइट आता जरा बरी चालते असंही कुणीतरी म्हणालं. ती खरोखर बरी चालत होती का, की हिरव्या रंगाचा परिणाम होता, हे विचारायची वेळ नव्हती. मालक आत थांबले आणि जरतरे बाहेर आले.

नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंनी त्यांना पाहून हात केला. साइट सुरू झाली तेव्हा या बाई त्यांच्याशी महिनाभर बोलत नव्हत्या, कारण खिडकी बंद होणार अशी आवई उठली होती. खिडकी राहिली आणि अबोला गेला.

“या, आमच्या पोटावर पाय देणारे दादा,” बाई म्हणाल्या. “आत कौतुक चाललंय म्हणे तुमचं.”

“कौतुक कसलं, रंगरंगोटी.”

“बरं, एक विचारू का? तुम्हाला माहीत असेल.” त्यांनी समोरचा पडदा थोडा त्यांच्याकडे वळवला. “हल्ली तातडीच्या रांगेत सगळे नवेच चेहरे दिसतात. जुनं एक माणूस नाही. आधी किती असायचे. एकदा ऑपरेशन झालेले, परत त्रास सुरू झालेले. आता जुन्यांना तातडी लागायचीच बंद झाली की काय? तसं असेल तर बरंच आहे म्हणा.”

जरतरे हसायला लागले आणि मध्येच थांबले. कोड उघडून बघायची गरजच नव्हती. ते स्वतः पेशंट होऊन साइटच्या दारात उभे राहिले. जुने आहात का? हो. झालं. इथंच तारीख मिळाली. तातडी आहे का, हे कुणी विचारलंच नाही. भावजींनी एका बोटानं केलेली ती खूण तशीच पडून राहिली होती, चिठ्ठीच्या फोटोसकट, आणि तिच्याकडे बघायला कुणी आलंच नव्हतं.

त्यांनी खिडकीची कड धरली.

“दादा, बसता का? पाणी देऊ?” बाई म्हणाल्या.

“नको. बाई, ते बंद नाही झालेलं. मी बंद केलंय.”

बाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी उठून स्वतःची खुर्ची बाहेर आणून दिली.

मालक बाहेर आले ते खुशीत होते. जरतरेंनी त्यांना गाड्या लावायच्या जागेत बाजूला नेलं आणि दोन वाक्यांत सांगितलं. मालकांची खुशी बघता बघता उतरली.

“किती जण असतील?”

“अजून मोजलं नाही.”

“आधी दुरुस्त करा. आत्ता. मग बोलू.” मालकांनी आजूबाजूला बघितलं. “आणि हे बघा, हॉस्पिटलला सांगताना ‘सुधारणा केली’ म्हणायचं. चूक म्हणायचं नाही. चूक म्हटलं की काम गेलं, आणि काम गेलं की आपल्या खोल्यांतली सगळी माणसं रस्त्यावर आली. कळतंय ना?”

“त्यांत माझी बहीण आहे,” जरतरे म्हणाले.

मालक शेजारच्या गाडीला टेकले आणि कपाळ चोळत राहिले. हा माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं, असं जरतरेंना वाटलं.

“तिला उद्या आणा,” मालक शेवटी म्हणाले. “मी आत शब्द टाकतो.”

“बाकीच्यांनाही उद्याच आणावं लागेल.”

“हो, हो. त्यांनाही. त्यांनाही आणू.”

दुरुस्तीचं काम चहा निवायच्या आत झालं. एक प्रश्न खाली गेला, एक वर आला. साइट आधी होती तशीच चालत राहिली. पळेल म्हणून ज्याचा एवढा गाजावाजा झाला होता तो वेग काढून घेतला, तरी कुणा एकालाही तो गेल्याचं कळलं नाही.

खिडकीवरच्या बाई दोन दिवस फोनला चिकटून होत्या. चुकून मागं राहिलेल्या एकेकाला त्या बोलावत होत्या. कुणी आलं, कुणी म्हणालं आम्ही दुसरीकडे दाखवलं. एका घरी मुलानं फोन घेतला आणि आता तारखेची गरज नाही म्हणून ठेवून दिला. गरज नाही म्हणजे कशी, हे विचारायचं बाईंना धाडस झालं नाही. बाईंनी हे जरतरेंना सांगितलं. त्यांना सगळ्यांच्या घरी जावंसं वाटत होतं. जाऊन काय सांगणार होते? जर आणि तर?

ताईच्या तपासण्या लगेच झाल्या. निकाल सांगायला डॉक्टरांनी बोलावलं त्या सकाळी तिघंही बाकावर बसले होते. भावजी पाणी आणायला गेले तेव्हा जरतरे म्हणाले, “ताई, तुझी तारीख लांब गेली ती माझ्यामुळं.”

ताई समोरच्या दाराकडे बघत होती. “तुझ्यामुळं कशी? मशीननं दिली ना?”

“मशीनला मी शिकवलं. मी त्याला सांगितलं, आधी विचार जुनी आहे का. तू हो म्हणालीस. त्यावर त्यानं पुढचं काही विचारलंच नाही.”

“जुनी तर होतेच मी. खोटं कुठं सांगितलं?”

“तुझं नाही ग चुकलं. आधी तातडीचं विचारायला हवं होतं. पूर्वी तसंच होतं.”

“मग बदललंस कशाला?”

“लवकर व्हावं म्हणून.”

ताईनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. “किती लवकर?”

जरतरेंनी बोटांनी काहीतरी दाखवायला हात वर केला. पण दोन बोटं कितीही जवळ आणली तरी तेवढं जवळ येत नव्हतं. त्यांनी हात खाली घेतला. “कुणाला कळणार नाही एवढं,” ते म्हणाले.

ताईनं पुन्हा समोरच्या दाराकडे तोंड केलं. रागावली असती तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. रडली असती तर तेही रडले असते. ती नुसती बसून होती, आणि तिच्या मनात काय चाललंय ते जन्मात पहिल्यांदाच त्यांना ओळखता येत नव्हतं. कॉरिडॉरमधून फरशी पुसणारी बाई पाय वर घ्या म्हणत गेली. दोघांनी पाय वर घेतले आणि पुन्हा खाली ठेवले.

“ह्यांना सांगू नकोस,” ती शेवटी म्हणाली. “ते तुला एक शब्द बोलायचे नाहीत. स्वतःलाच खात बसतील. फॉर्म आपण भरला म्हणून.”

“भावजींनी मला बघायला सांगितलं होतं, ताई. मी बघितलं नाही.”

“हं,” ताई म्हणाली.

तेवढ्यात आतून नाव पुकारलं. भावजीही बाटली घेऊन आले.

डॉक्टर वयानं लहान होत्या, पण बोलणं करारी. त्यांनी कागद चाळले, ताईला पडद्यामागं नेऊन पुन्हा हात लावून पाहिलं, आणि खुर्चीत बसवलं. मग फिरवून फिरवून न सांगता सांगितलं. गाठ आता काखेपुरती राहिलेली नव्हती. काढून उपयोग नव्हता. औषधांनी जेवढं थोपवता येईल तेवढं थोपवायचं.

भावजींनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

“ही चिठ्ठी केव्हाची आहे?” डॉक्टरांनी कागदांतून गल्लीतल्या डॉक्टरांची चिठ्ठी वर काढली. “यावर ‘लगेच’ असं लिहिलंय. खाली रेघपण मारलीय. इतके दिवस काय करत होता तुम्ही? तेव्हा आला असतात तर निदान काढायचा विचार तरी करता आला असता.”

जरतरे एक पाऊल पुढं झाले. “डॉक्टर, त्याचं असं झालं—”

“चुकलंच माझं,” ताई म्हणाली. “लोकांची शिवायची कामं होती हातात. आज जाऊ, उद्या जाऊ, करत राहिले.”

“ताई, तू—”

“तू गप्प बस. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये.”

भावजींनी बायकोकडे बघितलं. तारीख कशी मिळाली होती, फॉर्म कुणी भरला होता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी सावकाश मान वळवून जरतरेंकडे बघितलं आणि भावजींना सगळं कळलं. त्यांनी बाटली टेबलाच्या पायाशी ठेवली.

डॉक्टरांना मात्र बोलायचं होतं, आणि ते साहजिकच होतं. दिवसभर त्या हेच बघत असणार. “एकदा ऑपरेशन झालेलं माणूस तुम्ही,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला तर इतरांपेक्षा जास्त कळायला हवं. कपडे शिवायचे राहिले असते तर काय जग बुडणार होतं? तारखा मिळत नाहीत म्हणून लोक आमच्या नावानं बोटं मोडतात, आणि ज्यांना खरंच गरज असते ते असे घरी बसून राहतात.”

“हो, डॉक्टर,” ताई म्हणाली. ती खाली मान घालून ऐकत होती. तिच्यावर असं कुणी ओरडल्याचं जरतरेंनी कधी पाहिलं नव्हतं. घरात ओरडायचा हक्क तिचाच होता.

“आणि घरच्यांनी तरी लक्ष द्यायचं.” डॉक्टरांनी वर बघितलं. “तुम्ही भाऊ ना यांचे? तुम्हाला काही माहीत नव्हतं?”

जरतरेंनी तोंड उघडलं.

“त्याला मी सांगितलंच नव्हतं,” ताई म्हणाली.

डॉक्टर उसासा टाकून औषधं लिहायला लागल्या. ताईनं मघाशी तपासताना सोडलेलं बाहीचं बटण लावायला घेतलं, पण काखेतल्या सुजेमुळं तिचा हात तिथवर वळत नव्हता. तिनं एकदा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा केला, आणि मग हात तसाच पुढं धरला. जरतरे खाली वाकले. चष्मा धूसर झाला होता, काज सापडायला वेळ लागला. तोवर ती हात धरून थांबली.